पायावरच्या फुगलेल्या नसा: आयुर्वेदाच्या मदतीनं रोजची काळजी कशी घ्यावी

वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाई, खुर्चीभोवती फिरत केस कापणारे कारागीर, एसटीचे कंडक्टर, ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या गृहिणी, या सगळ्यांची संध्याकाळची तक्रार सारखीच असते. पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. मग कधीतरी पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या नसा दिसू लागतात. पायातलं रक्त वर चढताना मागे घसरू नये म्हणून नसांमध्ये लहान झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचतं आणि नस फुगते. बाळंतपणं, वाढलेलं वजन आणि घराण्यात असलेला त्रास यांचाही यात वाटा असतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. निकामी झालेली झडप कोणत्याही तेलानं किंवा काढ्यानं पूर्ववत होत नाही. ‘महिनाभरात नसा गायब’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’, म्हणजे नसेची गाठ, सांगितली आहे, तिचं या त्रासाशी बरंच साम्य आहे. दुखणारी, हलणारी गाठ कष्टानं बरी होते आणि मोठी, स्थिर किंवा मर्मावरची, म्हणजे शरीराच्या नाजूक जागेवरची, असेल तर उपचाराच्या फंदात पडू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. इतका प्रामाणिकपणा आपणही ठेवावा. दुखणं, जडपणा आणि सूज आटोक्यात ठेवायची आणि घोट्याजवळची त्वचा शाबूत राखायची, एवढंच आपलं उद्दिष्ट.

सुरुवात डॉपलर सोनोग्राफीनं करा. कोणत्या नसेत बिघाड आहे आणि आतल्या खोल नसेत गुठळी नाही ना, हे त्यात कळतं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर तिला तेल लावू नका, चोळू तर मुळीच नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर एक मिनिटही घालवू नका.

गुठळी नाही हे नक्की झालं की तेलाकडे वळा. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात नव्या सिराग्रंथीसाठी सहचर तेल पोटातून द्यायला सांगितलं आहे. सहचर म्हणजे आपली कोरांटी. पोटात घ्यायचं की नाही ते वैद्यांवर सोडा, आपण ते बाहेरून लावावं. ते नसेल तर साधं तिळाचं तेलही चालतं. आंघोळीआधी पाटावर किंवा खुर्चीत बसून पाय समोर लांब करा. चमचाभर कोमट तेल तळहातावर घ्या आणि घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर, हलक्या हातानं फिरवा. एरवी अंगाला तेल लावताना हात वरून खाली नेतात, इथे मात्र दिशा उलटी ठेवायची, कारण रक्ताला वरच जायचं आहे. फुगलेल्या नसेवर अंगठा दाबू नका. तिच्या बाजूनं हात न्या. पाच-दहा मिनिटं पुरेत. जखम, पुरळ किंवा लाली असेल तिथे तेल नको.

पाय दुखले की आपल्याकडे पहिला हात जातो तो शेकाच्या पिशवीकडे. या त्रासात ती सवय मोडा. उष्णतेनं नसा आणखी सैलावतात आणि जडपणा वाढतो. आंघोळीचं पाणीही कोमटच असू द्या.

दिवसात दोन-तीनदा पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटं पडा. भिंतीला पाय टेकून केलेलं विपरीत करणी त्यासाठी छान. उभ्याचं काम असेल तर मधूनमधून टाचा उचला, खाली टेकवा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले असतील तर ते सकाळी अंथरुणातच, सूज चढायच्या आत घाला. आयुर्वेदिक उपचार सुरू आहेत म्हणून मोजे कपाटात ठेवू नका.

पोट साफ नसलं की शौचाला जोर करावा लागतो, पोटातला दाब वाढतो आणि पायातून वर येणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. म्हणून जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण ठेवा. पापड-लोणचं कमी करा. रात्री अर्धा चमचा त्रिफळा चूर्ण कोमट पाण्यातून घेता येईल, पण गरोदरपणात किंवा जुलाब होत असताना नको.

मंजिष्ठा, कैशोर गुग्गुळ अशी औषधं वैद्य देतात. ती दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका. रक्त पातळ करणारी किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर ते वैद्यांना आधी सांगा. कशात काय आहे ते ठाऊक नसलेली भस्मं तर नकोतच.

त्वचा काळवंडली असेल किंवा घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर वैद्य कधीकधी जळू लावतात. सुश्रुतांनी सूत्रस्थानात याला अख्खा अध्याय दिला आहे. जळूच्या लाळेतल्या हिरुडिन या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे ती सुटल्यावरही काही तास जखम झिरपते. म्हणूनच रक्तक्षय असलेल्यांना किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना हा उपचार करू नये. एकाला लावलेली जळू दुसऱ्याला लावत नाहीत ना, हे विचारून घ्या.

फुगलेली नस फुटली तर रक्त जोरात येतं, पण घाबरू नका. लगेच आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, मग डॉक्टरांकडे जा. पुढे लेझर किंवा शस्त्रक्रिया झाली तरी पाय उंच ठेवणं, टाचा उचलणं सोडू नका. दुसऱ्या नसा नंतर फुगू शकतात. तेल मात्र टाके आणि जखमा पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा.