पंख्याचा घूं आवाज: मोफत सॉफ्टवेअर निवडताना आलेला अनुभव

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधला 5 पात्यांचा पंखा, थेट मोटरवर, 1440 फेरे. घुमतो, पण मोटर घुमते की पाती?

मिनिटाला 1440 म्हणजे सेकंदाला 24 फेरे. गुणिले 5 पाती, म्हणजे पात्यांचा आवाज 120 हर्ट्झला (सेकंदाला 120 कंपनं). 50 हर्ट्झच्या विजेवर मोटरची गुणगुण 100 हर्ट्झला येते. फरक फक्त 20 हर्ट्झचा, आणि सगळी गोम इथेच आहे.

ऑडॅसिटी या मोफत ध्वनी-संपादकात 'प्लॉट स्पेक्ट्रम' (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख) उघडलं. साइझ (एका वेळी तपासायचे नमुने) 1024 होता, तेव्हा एकच जाड टेकडी दिसली. कारण सोपं: रेकॉर्डिंगचे सेकंदाला 44100 नमुने भागिले 1024, म्हणजे दर 43 हर्ट्झला एक बिंदू. साइझ 32768 केला, विंडो (तुकड्याच्या कडा सौम्य करायची पद्धत) हॅन ठेवली, बिंदू 1.35 हर्ट्झवर आले आणि दोन सुळके सुटे झाले. उंच सुळका 120 च्या किंचित खाली होता, कारण मोटरचे फेरे 1440 पेक्षा थोडे कमी पडत होते. म्हणजे पात्यांचाच आवाज. जाळी पात्यांपासून लांब सरकवल्यावर तो उतरला.

प्रात (Praat) हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर मुळात उच्चार-अभ्यासाचं. त्याची 0.005 सेकंदाची विंडो (इथे अर्थ: एका वेळी तपासायचा तुकडा) फारच आखूड, 0.05 केली तरी हे दोन सुळके नीट सुटत नाहीत. आवाज वेळेनुसार बदलत असेल, तर सॉनिक व्हिज्युअलायझर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं, ते फार सुंदर दाखवतं.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा आणि फोनमधलं नॉइज रिडक्शन आधी बंद करा. ते सलग घुमणाराच आवाज पुसतं. ऑडॅसिटीतले डेसिबल फाइलच्या कमाल पातळीशी तुलनेने असतात, खोलीतल्या आवाजाचं माप म्हणून वापरू नका.