मांजराच्या कानातून रक्ताचा थेंब येत नसेल तर

मधुमेही मांजराची साखर घरी तपासताना सुई टोचूनही थेंब येत नाही, पट्टी वाया जाते. बहुतेकदा कान गार असतो, एवढंच.

१. मूठभर तांदूळ तव्यावर कोमट करून स्वच्छ मोज्यात भरा. आधी आपल्या मनगटाला लावून बघा, चटका बसता कामा नये. मग मिनिटभर कानाला धरा. कडेची बारीक शीर उठून दिसते.

२. कडेला व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवा. थेंब केसांत न पसरता मोत्यासारखा उभा राहतो. आमच्या मनीच्या निम्म्या पट्ट्या यानेच वाचल्या.

३. कानामागे कापसाची घडी धरून शीर आणि कड यांच्या मधे टोचा. थेंबाला पट्टी लावा.

४. कापसाने अर्धा मिनिट दाबा, नाहीतर काळानिळा डाग पडतो. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. हे विसरू नका, उद्याही तोच कान हवाय.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची साखर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दिसते, म्हणून आकडा पाहून इन्सुलिनचा डोस स्वतः बदलू नका. मात्र आकडा 60 च्या खाली असेल तर इन्सुलिन न देता आधी डॉक्टरांना फोन करा. मांजर झोकांड्या खात असेल तर हिरड्यांना थोडा मध चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या.