जपानमधलं नेनकिन (पेन्शन): नोकरी बदलताना या चुका टाळा

कुणाचा पीआरचा, म्हणजे जपानमध्ये कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज नाकारला गेला की मी आधी एकच विचारते, मधे नोकरी बदलली होती का? बहुतेकदा उत्तर 'हो' येतं आणि पाठोपाठ "पण गॅप पंधरा दिवसांचीच होती" हेही येतं.

ही 'पंधरा दिवसांचीच' गॅप फार महागात पडते. जपानमध्ये राहणाऱ्या 20 ते 59 वयाच्या प्रत्येकाला, नागरिकत्व कुठलंही असो, पेन्शन योजनेत असावंच लागतं. नोकरीत असताना कोसेई नेनकिन (नोकरदारांचं पेन्शन) पगारातून परस्पर कापलं जातं, म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. नोकरी सुटली की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन कोकुमिन नेनकिनमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) नाव घालायचं आणि हप्ता स्वतः भरायचा. हप्ता कुठल्या खात्यात धरायचा हे महिन्याच्या शेवटच्या तारखेवर ठरतं. 20 मेला जुनी नोकरी सोडली आणि 5 जूनला नवी धरली, तर अख्ख्या मे महिन्याचा हप्ता तुमच्या अंगावर. एप्रिल 2025 ते मार्च 2026 या वर्षासाठी तो 17,510 येन होता.

आमच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरने हे सगळं वेळेत केलं, पण फक्त स्वतःपुरतं. बायको डिपेंडंट होती. नवऱ्याची कंपनी सुटली की तिचं बिनहप्त्याचं संरक्षणही संपतं आणि तिला वेगळा हप्ता लागू होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिच्या नावाने पाकीट आलं, जपानी वाचायचा कंटाळा म्हणून ते ड्रॉवरमध्ये गेलं. पीआरची कागदपत्रं जमवताना ते सापडलं. त्याने त्याच संध्याकाळी कोनबिनीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) पैसे भरले आणि निश्चिंत झाला. पण पावतीवर भरल्याची तारीख असते. इमिग्रेशन मागच्या दोन वर्षांच्या पावत्या मागतं, आणि मुदत उलटल्यावर भरलेला हप्ता अर्जदाराच्या विरोधातच जातो. तिचा अर्ज नाकारला गेला. इतक्या वर्षांचा संसार तिथे, आणि अडलं एका महिन्याच्या हप्त्यावर! मला आजही त्याची हळहळ वाटते.

म्हणून नोकरी सोडलीत की त्याच आठवड्यात दोघांची रेसिडेन्स कार्डं आणि कंपनीचा नोकरी सुटल्याचा दाखला घेऊन वॉर्ड ऑफिस गाठा. मी पावती हातात पडताच स्कॅन करते आणि नेनकिन नेट या पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर प्रत्येक महिन्याची नोंद स्वतः तपासते. "एजंट बघून घेईल" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की नोंद तुमच्या नावावर आहे, एजंटच्या नाही.

पीआर मिळाला म्हणून सुटलात असंही नाही. 2024 मध्ये मंजूर झालेली इमिग्रेशन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली की मुद्दाम कर किंवा हप्ते बुडवणाऱ्याचा पीआर रद्द होऊ शकतो. थकबाकीसाठी बँक खात्यावर जप्ती आजही येते, आणि हप्त्याची जबाबदारी कुटुंबप्रमुख व जोडीदारावरही असते.

"म्हातारपणी इथे राहणारच नाही, मग भरू कशाला?" हे ऐकलं की मला खरंच भीती वाटते. अपंगत्वाचं पेन्शनही याच हप्त्यांवर मिळतं. त्यासाठी त्या दुखण्याच्या पहिल्या डॉक्टरभेटीच्या आदल्या दिवसापर्यंतचीच नोंद बघतात. अपघातानंतर हॉस्पिटलमधून थकबाकी भरून काहीही उपयोग होत नाही.

पैसे नसतील तर गप्प बसू नका, माफीचा अर्ज करा. म्हातारपणीचं पेन्शन मिळायला किमान 10 वर्षं लागतात; पूर्ण माफीचा महिना या अटीत धरला जातो आणि त्याचं निम्मं पेन्शनही मिळतं. नुसता थकवलेला महिना शून्य, आणि दोन वर्षांनंतर तो भरताही येत नाही.

भारतात परतताना भरलेल्या हप्त्यांचे एकरकमी पैसे काढायची घाईही तशीच. सध्या जास्तीत जास्त 5 वर्षांचेच पैसे मिळतात, पण पुसली जातात सगळी वर्षं. आठ वर्षं भरलेल्याने ती रक्कम घेतली तर आठही गेली. ऑक्टोबर 2016 पासून भारत-जपान करारामुळे दोन्हीकडची वर्षं जोडून 10 वर्षांची अट पूर्ण करता येते. विमानाचं तिकीट काढण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा, एकरकमी पैशांच्या अर्जाला देश सोडल्यानंतरही दोन वर्षं मुदत असते.