जुने अमेरिकन सिटकॉम (विनोदी मालिका) पुन्हा पाहताना

आधी चित्राची चौकट तपासा. 'साइनफेल्ड' (१९८९–९८) ही मालिका ४:३ (रुंदी:उंची) आकारात प्रसारित झाली. रुंद पडद्यासाठीच्या १६:९ प्रतीत चित्राचा वरचा-खालचा भाग कापला जातो. 'द पॉटहोल' या भागात तर रस्त्यातला खड्डाच चौकटीबाहेर गेला, म्हणजे गंमतच गेली! डीव्हीडी संच ४:३ मध्ये आहे, तोच घ्या. टीव्हीवरचं 'झूम' आणि 'स्ट्रेच' बंद ठेवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

मग लांबी बघा. नव्वदच्या दशकातला भाग साधारण २२ मिनिटांचा. १९-२० मिनिटांतच संपला, तर जास्त जाहिराती बसवायला कात्री लागलेली असणार.

'मॅश' या युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या मालिकेच्या डीव्हीडीवर भाषेच्या मेनूत, मागून जोडलेल्या हशाविना ध्वनी निवडता येतो. जरूर निवडा, युद्धाची छाया तेव्हाच नीट जाणवते.