जुन्या जर्मन रेल्वे पोलिसांच्या गणवेशांचा संग्रह कसा करावा

जर्मन रेल्वे पोलिसांचा जुना कोट विकत घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते. तो घालणारा माणूस रेल्वेचा नोकर होता की शासनाचा पोलीस? जर्मनीच्या इतिहासात हे उत्तर वारंवार बदलत गेले आणि त्याबरोबर कापडाचा रंग, बिल्ला, खांदापट्टी, इतकेच नव्हे तर अस्तरावरचा शिक्काही बदलला. ज्याने हा क्रम आधी समजून घेतला, त्याची खरेदीत सहसा फसगत होत नाही.

आधी कालखंड समजून घ्यावेत

जर्मनीतील पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युर्नबर्ग आणि फ्युर्थ या शहरांदरम्यान धावली. पुढे प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग, बाडेन अशा राज्यांच्या स्वतंत्र रेल्वे उभ्या राहिल्या. त्या काळात स्टेशनवरचे अधिकारी, गाडीचे गार्ड, फाटकवाले अशा रेल्वे कर्मचाऱ्यांनाच रेल्वेच्या हद्दीत पोलिसी अधिकार दिलेले असत. त्यामुळे जर्मन बादशाहीच्या काळातील ‘रेल्वे पोलिसाचा कोट’ म्हणून जे विकायला येते, तो बहुतेक वेळा एखाद्या राज्याच्या रेल्वे कर्मचाऱ्याचा कोट असतो. प्रशियातील फलाटाधिकाऱ्याची लाल टोपी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ती संग्रहात अवश्य ठेवावी, पण नोंद करताना तिला पोलिसाची टोपी म्हणू नये.

१ एप्रिल १९२० रोजी राज्यांच्या रेल्वे केंद्राकडे आल्या आणि त्यातून राइख्सबान ही राष्ट्रीय रेल्वे घडली. तिच्यात ‘बानशुट्झ’ नावाचे रेल्वेरक्षक दल होते, ज्याचे नाझी राजवटीत सशस्त्र पोलिसी दलात रूपांतर झाले. १९४५ नंतर देशाबरोबर रेल्वेचीही वाटणी झाली. पश्चिमेकडे १९४९ मध्ये बुंडेसबान ही सरकारी रेल्वे स्थापन झाली आणि तिचे ‘बानपोलित्साय’ (रेल्वे पोलीस) हे दल रेल्वेच्याच व्यवस्थेत राहिले. पूर्वेकडे राइख्सबान हे जुने नाव कायम राहिले, मात्र रेल्वेवरील पोलिसी काम ‘ट्रान्सपोर्टपोलित्साय’ या वाहतूक पोलिसांकडे, म्हणजे बोलीतील ‘ट्रापो’कडे गेले. हे दल गृहखात्याखालील फोल्क्सपोलित्सायचा, अर्थात जनपोलिसांचा भाग होते. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडील हे काम केंद्रीय सीमारक्षक दलाने स्वीकारले, १ एप्रिल १९९२ पासून पश्चिमेकडील कामही त्याच दलाकडे आले आणि २००५ मध्ये त्या दलाचे नाव बुंडेसपोलित्साय (केंद्रीय पोलीस) झाले.

एकच कालखंड निवडावा

नवीन संग्राहकाने ट्रापोपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्व जर्मनी नाहीशी झाल्यावर तिच्या गोदामांतील गणवेश फार मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. त्यामुळे अस्सल वस्तू आजही मिळतात आणि नक्कल करण्याचा मोह तुलनेने कमी असतो. शिवाय हा गणवेश ओळखायला शिकताना डोळा तयार होतो. सामान्य जनपोलिसांचा गणवेश करडा-हिरवा, तर ट्रापोचा गडद निळा होता. अडचण अशी, की पूर्वेकडील राइख्सबानचे साधे कर्मचारीही गडद निळेच कपडे घालत, आणि त्यांचे कोट ‘ट्रापो’ या नावाखाली सर्रास विकले जातात. म्हणून रंगावर विसंबू नये. टोपीवरचा बिल्ला, खांदापट्टीची रचना आणि बटणे पाहावीत, आणि तारीख निश्चित माहीत असलेल्या छायाचित्रांशी ती ताडून घ्यावीत.

छायाचित्रांचा अभ्यास खरेदीच्या आधी व्हायला हवा. न्युर्नबर्गचे जर्मन रेल्वे संग्रहालय, ड्रेस्डेनचे वाहतूक संग्रहालय आणि बर्लिनचे तंत्रज्ञान संग्रहालय ही यासाठी उत्तम ठिकाणे आहेत. जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांनी रविवारी बर्लिनच्या माउअरपार्कमधील जुना बाजारही पाहावा, मात्र तेथे पहिल्या फेरीत काहीच विकत घेऊ नये. रेल्वेप्रेमींच्या अदलाबदल मेळाव्यांत मिळणारी वस्तू अधिक खात्रीची असते, कारण विकणारा अनेकदा निवृत्त कर्मचारी किंवा त्याचा नातलग असतो आणि वस्तूबरोबर तिची हकीकतही सांगतो.

वस्तू तपासण्याची रीत

कोट प्रथम उलटा करावा. बाहेरची बाजू सजवता येते, अस्तराचे तसे होत नाही. पूर्व जर्मन गणवेशांच्या आतल्या बाजूस मापाचा शिक्का असतो. त्यातील अक्षर उंची सांगते (‘का’, म्हणजे k, आखूड; ‘एम’, म्हणजे m, मध्यम; ‘गे’, म्हणजे g, उंच) आणि आकडा छातीच्या घेराचा सेंटिमीटरमधील निम्मा भाग असतो. म्हणजे ‘एम ४८’ हा ९६ सेंटिमीटर छातीच्या मध्यम उंचीच्या माणसाचा कोट झाला. कोट आणि पॅन्ट एकाच माणसाची म्हणून विकली जात असेल, तर दोहोंची मापे जुळायला हवीत.

त्यानंतर बिल्ले आणि पट्ट्या पाहाव्यात. वर्षानुवर्षे बिल्ल्याखाली झाकलेले कापड उन्हाने विटत नाही, त्यामुळे बिल्ल्याच्या कडेभोवतीची छटा आणि खालची छटा यांत फरक दिसतो. हा फरक बिल्ल्याच्या आकाराशी जुळला नाही, किंवा आजूबाजूला जुन्या टाक्यांची रिकामी भोके दिसली, तर तो बिल्ला नंतर लावलेला असण्याची शक्यता असते. झिजेलाही एक तर्क असतो. कॉलरची घडी, बाहीची कड, खिशाचे तोंड आणि काख या जागा आधी झिजतात. पाठीचा मध्यभाग झिजलेला आणि कॉलर मात्र कोरी, असा कोट परत ठेवावा.

धागा बारकाईने पाहावा. पॉलिएस्टरचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला, त्यामुळे १९३०च्या दशकातील म्हणून दाखवलेल्या कोटाची मूळ शिलाई पॉलिएस्टरची असू शकत नाही. पूर्व जर्मनीच्या शेवटच्या दशकांत मात्र कृत्रिम धागा असणे स्वाभाविक आहे. अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकणारा धागा संशय वाढवतो, कारण चकाकी आणणारी ती रसायने युद्धोत्तर काळात सर्वत्र वापरात आली. तरीही आधुनिक साबणाने धुतलेले जुने कापडही चमकते, म्हणून केवळ या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

चिन्हांवरून काळाची एक मर्यादा ठरवता येते. हातोडा, कंपास आणि धान्याच्या ओंब्या असलेले पूर्व जर्मनीचे राजचिन्ह १९५५च्या कायद्याने निश्चित झाले. हे चिन्ह असलेला बिल्ला ‘१९४९चा’ म्हणून कोणी देऊ लागला, तर बोलणे तिथेच थांबवावे.

नाझी काळाविषयी

१९३३ ते १९४५ या काळातील बानशुट्झच्या वस्तूंची नक्कल मोठ्या प्रमाणावर होते, कारण त्यांची किंमत जास्त येते. पैशाच्या प्रश्नापेक्षा एक मोठा प्रश्न येथे उभा राहतो. ज्यू आणि इतर लक्षावधी माणसांना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या याच राइख्सबानच्या रुळांवरून धावल्या. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवरील ‘ग्लाइस १७’ (रूळ क्रमांक १७) हे स्मारक त्याची साक्ष देते. असा गणवेश ठेवायचाच असेल, तर त्याच्या शेजारी ही माहिती लिहिलेली असली पाहिजे, अन्यथा तो ठेवू नये. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार स्वस्तिकासारखी नाझी चिन्हे सार्वजनिकरीत्या दाखवणे हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला आणि इतिहासाचे वार्तांकन यांना त्यात सवलत आहे, विक्रेत्याच्या हौसेला नाही. त्याच संहितेच्या १३२अ कलमानुसार अधिकार नसताना शासकीय गणवेश घालणे हाही गुन्हा ठरतो, म्हणून विकत घेतलेला अलीकडचा पोलिसी कोट अंगात घालून जर्मनीच्या रस्त्यावर फिरू नये. भारतात वस्तू मागवताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर येथे निर्बंध आहेत. त्यामुळे वस्तू पाठवण्यास सांगण्यापूर्वी सीमाशुल्क सल्लागाराशी बोलून घ्यावे.

जतन

लोकरीचे कापड आणि मुंबई-कोकणचा पावसाळा यांचे जमत नाही. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम. ती ७० च्या वर सतत राहिली तर बुरशी धरते. नवीन आलेला प्रत्येक कपडा प्रथम इतरांपासून वेगळा ठेवावा. कसर लागल्याची शंका असल्यास तो पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या शीतपेटीत सुमारे दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. डांबरगोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्या वाफा आरोग्यालाही बऱ्या नाहीत आणि काही प्लॅस्टिकलाही. कोट रुंद, कापूस गुंडाळलेल्या हँगरवर ठेवावा किंवा आम्लरहित कागद घड्यांत घालून पेटीत आडवा ठेवावा, आणि वर धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडाचे आवरण घालावे. धुऊ नये, इस्त्री करू नये, पितळी बटणे घासू नयेत, कारण ती घासल्याने मुलामा आणि निर्मात्याच्या खुणा पुसट होतात. प्रदर्शनात ठेवल्यास प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नसावा आणि थेट ऊन कधीच पडू देऊ नये.

नोंद

प्रत्येक वस्तूला पेन्सिलने लिहिलेली सुती पट्टी बांधावी आणि तिच्यावर केवळ क्रमांक टाकावा. वहीत त्या क्रमांकापुढे दल, कालखंड, मापाचा शिक्का, बटणांवरील निर्मात्याचे नाव, कोठून व केव्हा मिळाली आणि विकणाऱ्याने काय सांगितले, हे लिहावे. सांगितलेली गोष्ट आणि स्वतः तपासून खात्री केलेली गोष्ट वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. एखादा बिल्ला नंतर लावलेला आढळला तरी तो काढू नये. तसे लिहून ठेवावे आणि छायाचित्र जोडावे.