पोर्ट्रेटसाठी फोटो देताय? या चुका टाळा

फोटोवरून चित्रकाराकडून पोर्ट्रेट काढून घ्यायचं ठरलं की बहुतेक जण घरातला सगळ्यात लाडका फोटो पाठवून मोकळे होतात. आठवण म्हणून तो लाखमोलाचा असेलही, पण त्यात चेहरा नीट दिसायला हवा. फोटोत जे नाही ते चित्रकार अंदाजपंचे भरतो आणि अंदाजाने काढलेलं नाक घरच्यांना पहिल्या नजरेत खटकतं.

सगळ्यात जास्त घोळ ग्रुप फोटोत होतो. लांबून छान दिसतो म्हणून तो निवडला जातो. पाठवण्याआधी चेहऱ्यावर झूम करा. पापण्या वेगळ्या दिसतात का? बुबुळाची कडा कळते का? डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके असतील तर तो फोटो बाद. ‘अ‍ॅपने शार्प करून देतो’ हा उपाय तर नकोच. अ‍ॅप पापण्या मनानेच घालतं, चेहरा रेखीव होतो आणि माणूस भलताच दिसतो.

कधी मूळ फोटो उत्तम असतो, पण वाटेत बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो कॉम्प्रेस होतो, म्हणजे फाइल लहान होते आणि बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. स्क्रीनशॉट तर अजिबात नको.

सेल्फीचं दुखणं वेगळं. हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं, कान मागे सरकतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा. दुसऱ्या कुणाला दीड-दोन मीटरवर उभं करून, थोडं झूम करून, मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. शिवाय काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह करतात. मग भांग आणि गालावरचा तीळ दोन्ही बाजू बदलतात. तीळ नेमका कुठे आहे, ते लिहून कळवलेलं बरं.

उजेडाकडे तर कुणी बघतच नाही. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, समोरून फ्लॅश मारला की चेहरा पापडासारखा सपाट. खिडकीपाशी जरा तिरकं बसवून काढलेला फोटो बघा: उजेड गालावरून हळूहळू सावलीकडे वळतो आणि त्या वळणावरूनच गालाचा उंचवटा कळतो. डोळ्यात खिडकीचा एक पांढरा ठिपका चमकतो, त्याने नजर जिवंत होते. ब्यूटी फिल्टर बंद ठेवा, हे सांगायला नकोच.

जुना, एकुलता एक फोटो असेल तर फ्रेमच्या काचेवरूनच मोबाइलने टिपू नका, ट्यूबलाइटची रेघ नेमकी कपाळावर येते. फ्रेममधून काढून 600 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून घ्या. काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. वरचा थर सुटून येतो. तसाच काचेसकट स्कॅन करा.

दोन वेगवेगळ्या फोटोंतली माणसं शेजारी बसवायची असतील, तर दोघांवर उजेड एकाच बाजूने पडलेला हवा आणि कॅमेरा साधारण एकाच उंचीवर. एकावर डावीकडून ऊन आणि दुसऱ्यावर उजवीकडून, असं असलं की कितीही सफाईने काढा, चिकटवल्यासारखंच दिसणार.

जादा फोटो जरूर द्या, केसांचा किंवा साडीचा रंग त्यातून कळतो. पण मुख्य फोटो एकच ठरवा. ‘चेहरा यातला घ्या, हसू त्यातलं’ हे जमत नाही. हसताना गाल वर चढतात, डोळे बारीक होतात. नुसते ओठ उचलून दुसऱ्या चेहऱ्यावर बसवता येत नाहीत.