मध्यवर्ती बँक खरंच स्वायत्त आहे का, कसं तपासावं?

कायद्यात आधी गव्हर्नरला काढण्याचं कलम शोधा. ठोस कारणाशिवाय काढता येत असेल, तर बाकीची कलमं कितीही चांगली असोत, त्यांचा फारसा उपयोग नाही. मुदतही बघा. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या कार्यकारी मंडळावर 8 वर्षांसाठी नेमणूक होते आणि ती पुन्हा मिळत नाही, म्हणजे कुणाची मर्जी सांभाळायचं कारण उरत नाही.

मग महागाईचं लक्ष्य कोण ठरवतं आणि व्याजदर कोण, हे वेगवेगळं लिहा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. बँक ऑफ इंग्लंडला दर ठरवायचा अधिकार 1997 मध्ये मिळाला, पण 2 टक्के महागाईचं लक्ष्य सरकारच देतं. त्यात गैर काही नाही. महागाई लक्ष्यापासून 1 टक्क्याहून जास्त ढळली, की गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना जाहीर पत्र लिहून कारणं द्यावी लागतात.

बँकेने सरकारला थेट कर्ज द्यायला मनाई आहे ना, तेही पाहून घ्या.

खरी परीक्षा आकड्यांत. धोरणदरातून, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते त्या मुख्य व्याजदरातून, महागाईचा दर वजा करा. येतो तो वास्तव दर. तुर्कस्तानात मार्च 2021 मध्ये दर 19 टक्क्यांवर नेल्यावर दोनच दिवसांत गव्हर्नर बदलले. सप्टेंबरपासून कपात सुरू झाली. डिसेंबरअखेर दर 14, महागाई 36. वास्तव दर उणे 22. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांच्या वर गेली.

नुसत्या उणे दरावरून मात्र निकाल देऊ नका. मंदीत बँक स्वतःहूनही दर महागाईच्या खाली ठेवते. शिवाय वजाबाकीत गेल्या वर्षाची महागाई धरली तर चित्र फसवं दिसतं. पुढच्या 12 महिन्यांचा अंदाज मिळाला तर तो धरा.

शंका उरलीच तर एक तक्ता करा: दर ठरवणाऱ्या बैठकीची तारीख, निर्णय, मतविभागणी, आणि त्याआधीच्या पंधरवड्यात मंत्र्यांनी दराबद्दल केलेली विधानं. महागाईचा अंदाज वर सरकवलाय, मंत्री कपात मागताहेत आणि त्याच बैठकीत दर खाली आलाय, अशा ओळींवर खूण करा. अशी एखादी ओळ योगायोग असू शकते. लागोपाठ तीन-चार आल्या, तर इतिवृत्तात कपातीचं कारण काय दिलंय ते शब्दन् शब्द वाचा.